भिंतीवरचा भूतकाळ

बाजार रोडच्या भिंतीवर अकरा चित्रं आहेत. त्यांच्या खालची अकरा वाक्यं मी लिहिलेली आहेत. भिंतीवर माझं नाव नाही, त्यामुळे मी सांगितलं नाही तर हे कुणाला कळायचं कारण नाही. पण त्यातल्या सातव्या वाक्यामुळे एका बाईची बाजारातली जागा गेली. म्हणून सांगते.

भिंत कापूस संकलनाच्या जुन्या आवाराची. कापूस आता तिथे येत नाही. आवारात नगरपंचायतीच्या घंटागाड्या आणि मोडके दिव्यांचे खांब पडलेले असतात. भिंतीपुढून बाजार रोड जातो आणि पुढे नागपूर-हैदराबाद हायवेला लागतो. त्या हायवेने लोक पांढरकवड्याकडच्या जंगलात वाघ पाहायला जातात. वाघ काही सगळ्यांना दिसत नाही. पहाटे उठून, धूळ खाऊन, हरणं आणि मोर पाहून परत निघालेल्या माणसांना वाटेत काहीतरी दाखवावं, असं आमच्या नगरपंचायतीच्या साहेबांच्या मनात आलं आणि त्यातून ही भिंत निघाली. हायवेवर बाण काढलेला बोर्ड लागला: ‘ऐतिहासिक भिंत, डावीकडे’. मी साहेबांना म्हणाले, भिंत ऐतिहासिक नाही, चित्रं इतिहासाची आहेत. ते म्हणाले, "मॅडम, बोर्डावर जागा कमी असते."

मला त्यांनी बोलावलं, कारण मी थोडक्यात लिहिते. आमची संघटना लहान आहे, एका टेम्पोत बसेल एवढी. तिची पत्रकं मी लिहिते. पत्रक एका कागदात बसलं पाहिजे, उभ्याने वाचून झालं पाहिजे, आणि कागद हातात असतानाच वाचणाऱ्याला राग आला पाहिजे, एवढंच मला येतं. साहेबांच्या विरोधातही मी दोन पत्रकं काढली होती, एक नळाचं आणि एक एसटी स्टँडवरच्या बायकांच्या संडासाचं. दोन्ही त्यांनी फाइलला लावून ठेवली होती.

"तुम्ही शिव्या फार नेमक्या देता," ते म्हणाले. "आता जरा इतिहास लिहा. एका चित्राला एक वाक्य. उद्गारचिन्ह नको."

मी एकच अट घातली. राजा नको, लढाई नको, घोडा नको. आमच्या गावात घोडा फक्त लग्नात येतो. गावाने जे केलं ते काढा. साहेबांनी मान्य केलं, आणि मला फार मोठं काहीतरी मिळवल्यासारखं वाटलं. संघटनेतली पोरं मला महिनाभर ‘सरकारी कवयित्री’ म्हणत होती. म्हणू दे, असं वाटत होतं. बैलबंड्यांचा तळ, जिनिंगची चिमणी, निंबाखालची शाळा, गावविहिरीचा उपसा, असं सगळं ठरलं. आणि मी अकराही वाक्यं एका बैठकीत लिहून काढली.

इतिहास म्हणजे होऊन गेलेलं. म्हणून सगळी वाक्यं होऊन गेलेल्याची. ‘बंड्या इथे मुक्कामाला थांबत.’ ‘मुलं निंबाखाली बसत.’ लिहिताना फार भारदस्त वाटत होतं. सातव्या चित्राखाली मी लिहिलं: ‘आठवडी बाजार. पोडांवरच्या बाया इथे टोपल्या आणि सुपं विकत.’ पोड म्हणजे कोलामांची वस्ती. आमच्या भोवतालच्या जंगलात, टेकड्यांवर अशी पोडं आहेत आणि तिथली बांबूची टोपली घरात नाही असं घर आमच्या गावात नाही.

चित्रं काढली ती पेंटर चाचांनी. गावातल्या निम्म्या दुकानांचे बोर्ड त्यांच्या हातचे होते. फ्लेक्स आलं आणि ते बोर्ड गेले. तेव्हापासून ते हायवेवरच्या गॅरेजमध्ये ट्रकांच्या मागे कमळं, मोर आणि ‘फिर मिलेंगे’ काढत असतात. भिंतीचं काम मिळालं तेव्हा त्यांनी आधी दोन दिवस नुसती भिंत धुतली. मग नीळ लावलेली दोरी दोन टोकांना ताणून टक् करून सोडायची, की भिंतीवर सरळ निळी रेघ उठते. अशा आडव्या-उभ्या रेघांची जाळी मारून त्यात ते चित्र बसवत. चेहरे मात्र मनाने काढायचे नाहीत, समोर माणूस पाहिजे, असा त्यांचा हट्ट. विहिरीवरचा पखालवाला म्हणून त्यांचाच भाऊ उभा आहे. शाळेतल्या मास्तरांचं तोंड आमच्या पोस्टमनचं आहे.

सातव्या चित्राला त्यांना शोधावं लागलं नाही. भिंतीच्या त्याच भागाखाली दर मंगळवारी टोपल्या घेऊन एक कोलाम बाई बसायची. पन्नाशीची असेल. वरच्या पोडावरून काळीपिवळी जीपच्या टपावर माल बांधून यायची, सोबत तिची जाऊ. चाचांनी तिलाच भिंतीवर घेतलं. ती विकता विकता मागे वळून पाहायची आणि चुका काढायची. तेव्हा मी तिथे चहाच्या टपरीवर बसलेली असायचे, माझी वाक्यं बरोबर रंगवतात की नाही ते पाहायला.

"चाचा, मी इतकी काळी हाय?"

"सावलीत बसता ना तुमी."

"अन् हे सूप कोनं विनलं? कड समोर काढली तुमी. कड मांगं असते, पोटाकडं. यानं पाखडलं तं कोंडा अथीच राह्यन."

"आता वाळलं ते, बाई."

"वाळलं तं वाळलं. माह्या हातात असं सूप नोको. लोक म्हनतीन, इले विनता येत नाही."

चाचांनी सूप पुसून पुन्हा काढलं. मग ती म्हणाली, दगड राहिला.

दगडाचं सांगायला हवं. आमच्या बाजारात जागा दगडाने धरतात. ज्याची जागा, त्याचा दगड. बाजार उठला तरी दगड तिथेच राहतो. पुढच्या मंगळवारपर्यंत त्यावरून गुरं जातात, मोटारसायकली जातात, पण दुसऱ्याचा दगड कुणी हलवत नाही. भांडणं होतात ती वजनावरून, दगडावरून कधी नाही. तिचा दगड चपटा, काळा, तव्याएवढा. तिच्या सासूने ठेवलेला.

"दगड काढा," ती चाचांना म्हणाली, "नाई तं जागा कोनाची, कसं समजन?"

चाचांनी दगडही काढला.

भिंत झाली, फीत कापली गेली, आणि खरंच लोक येऊ लागले. शनिवार-रविवारी हायवेवरून गाड्या वळायच्या. लोक उतरायचे, भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचे, निम्मे मोबाइलमधूनच पाहायचे. सातव्या चित्रापाशी सगळे थांबत. ते सगळ्यांत चांगलं उतरलं आहे, हे मी माझं वाक्य बाजूला ठेवून सांगते. त्या चेहऱ्यावर असा भाव आहे, की घ्यायचं तर घ्या, नाही तर पुढे व्हा.

अडचण मंगळवारची. मंगळवारी भिंतीसमोर खरा बाजार बसायचा आणि चित्रं कमरेपर्यंत झाकली जायची. कुणीतरी नागपूरवाल्याने इंटरनेटवर अभिप्राय टाकला: भिंत सुंदर, पण समोर विक्रेते बसल्यामुळे फोटो नीट येत नाहीत, तीन तारे. साहेबांनी ते तीन तारे मनाला लावून घेतले. आठवड्याच्या आत कागद निघाला. भिंतीच्या ‘दर्शनी भागात’ बसणाऱ्यांचा पर्यटकांना अडथळा होतो, सबब त्यांनी गुरांच्या दवाखान्यामागच्या मैदानात बसावं.

कागद नगरपंचायतीच्या फळ्यावर लागला. पोडावर कोण जाऊन वाचून दाखवणार? ती मंगळवारी नेहमीसारखी आली. भिंतीसमोरचा पट्टा झाडून काढलेला होता आणि एकही दगड नव्हता. सोमवारी ट्रॉली फिरवून सगळे उचलले होते. ती उभी राहून खाली पाहत होती, जसं काही दगड जमिनीत गेला असेल. घंटागाडीवाला तिथेच होता.

"आमचे दगड कोठी नेले?"

"आवारात हायत, काकू. साहेबानं उचलाले लावले."

"कचऱ्यात टाकले?"

"कचऱ्यात काहून टाकन? नालीच्या बांधकामात घेऊन राह्यले."

तिची जाऊ आपल्या भाषेत काहीतरी बोलली आणि दोघी हसल्या. ते हसणं चांगलं नव्हतं. मग त्यांनी माल डोक्यावर घेतला आणि दवाखान्याच्या मागे गेल्या.

भाजीवाल्यांचं तिथे कसंबसं भागलं. भाजी लोक शोधत जातात. टोपली कुणी शोधत जात नाही. ती रस्त्यात दिसली की माणसाला आठवतं, घरची फाटली आहे. दवाखान्यामागे रस्ताच नाही. पहिल्या मंगळवारी ती नेला तेवढा माल परत घेऊन गेली, दुसऱ्या मंगळवारी तेच. तिसऱ्या मंगळवारी मी गेले तेव्हा ती एका उलट्या टोपलीवर बसली होती आणि शेजारी म्हशीला इंजेक्शन देणं चाललं होतं.

"पोडावर येते थो गाडीवाला व्यापारी," ती म्हणाली. "समदा माल घेतो म्हनते. जाऊ म्हनते, देऊन टाकू. मंग बाजारात यावं कायले?"

"मग द्यायचा का?"

"माल जाईन वो. माहा मंगळवार बी जाईन ना."

मला जे कळायचं ते तेव्हा कळलं. तिला गिऱ्हाईक पाहिजे होतं हे खरं. पण आठवड्यातला एक दिवस पोडावरून उतरायचं, चार माणसांशी भांडायचं, आपल्या जागेवर आपण बसायचं, हे जाणार होतं. ती जागा परत मिळाली नाही तर ती बाजारात येणंच बंद करणार होती.

मी घरी येऊन पत्रक लिहिलं. मथळा: ‘भिंतीवर सन्मान, भिंतीसमोर अपमान!’ उद्गारचिन्हासकट. मला ते अजूनही चांगलं वाटतं. पत्रकं स्टँडवर, बाजारात, कोर्टासमोर वाटून टाकली. संध्याकाळी साहेबांचा निरोप आला.

ते चिडलेले नव्हते. त्यांनी चहा मागवला. नोकरीत येण्याआधी ते कुठल्याशा शाळेत मराठी शिकवत, हे मला तोवर माहीत नव्हतं.

"मॅडम, सातव्या चित्राखाली काय लिहिलंय?"

मी म्हणून दाखवलं.

"शेवटचा शब्द?"

"विकत."

"विकत म्हणजे विकत असत. रीती भूतकाळ. पूर्वी नेहमी घडत असे, आता घडत नाही." त्यांनी माझ्या पत्रकाची घडी केली. "इथे बाया आता टोपल्या विकत नाहीत, हे तुम्हीच जाहीर केलंय. तेही ऑइल पेंटने. आम्ही फक्त अंमलबजावणी केली."

मी म्हणाले, ही थट्टा झाली. ते म्हणाले, थट्टा नाही, व्याकरण आहे. दुसऱ्या दिवशी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सातव्या चित्राखालच्या ओळीचा फोटो फिरत होता, खाली माझं पत्रक, आणि मध्ये एकच ओळ: ‘दोन्ही एकाच मॅडमने लिहिले आहे, जनतेने ठरवावे.’ जनतेने हसून घेतलं. आमच्या संघटनेतलीही पोरं हसली. वडिलांनी शेतातून येऊन विचारलं, "काहून वो, व्याकरणात नापास झाली म्हनतात तू?"

राग मला रोजच येतो, त्याची सवय आहे. पण ह्या वेळी राग कुठे ठेवावा ते कळत नव्हतं. साहेबांनी लबाडी केली, हे उघड होतं. पण लबाडी करायला शब्द मी दिला होता. ती बाई माझ्या डोळ्यांसमोर, माझ्या चहाच्या ग्लासापासून दहा पावलांवर दर मंगळवारी सूप विकत बसायची, आणि मी घरी बसून लिहिलं की विकत असे. का? तर भिंत इतिहासाची होती. पोडावरची बाई म्हणजे जुनं काहीतरी, हे माझ्याही डोक्यात कुठेतरी असणार. पत्रकात मी दुसऱ्यांना ह्याच गोष्टीसाठी धुतलं असतं.

चौथ्या मंगळवारी मी तिला भिंतीपाशी नेऊन ती ओळ वाचून दाखवली. तिला वाचता येत नाही. आमच्याकडे बोलताना कुणी ‘विकत’ असं म्हणत नाही. ‘विकत’ म्हटलं की पुढे ‘घेणं’च येतं.

"विकत?" ती म्हणाली. "विकत कोन घेऊन राह्यलं?"

"घेत नाही. विकत, म्हणजे विकत होत्या."

"मंग आता?"

"आता नाही, असा त्याचा अर्थ होतो."

तिने चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मी मेली का?"

मी ओळीवरचं बोट खाली घेतलं.

"चांगलं अक्षर हाय," ती म्हणाली आणि दवाखान्याकडे चालू लागली.

त्याच दुपारी मी गॅरेजवर गेले. चाचा एका ट्रकच्या मागे मोराची मान काढत होते.

"चाचा, सातव्यात थोडं वाढवायचं आहे. एक काना, एक त. विकतच्या पुढे. विकतात."

"नाही."

"दोन मिनिटांचं काम आहे."

"काम दो मिनट का है, बेटा, भानगड सालभर की. भिंत पास झाली. साहेबानं सही केली. आता तिले हात लावाचा नाही." त्यांनी ब्रश डब्यात बुडवला. "तुमी पत्रक काढता, पेपरात तुमचा फोटो येते. मी सरकारी भिंतीले हात लावला तं माहा बी येईन. पन थो वेगळ्या बातमीत येईन."

ते कुठल्या बातमीबद्दल बोलत होते हे मला कळलं होतं, आणि मी वाद घातला असता तर तो फक्त माझ्या समाधानासाठी झाला असता. मी उठले. तेव्हा त्यांनी मान न वळवता विचारलं, "गलती किसकी है?"

"म्हणजे?"

"अक्षर चुकलं असन तं मी जातो. आमचा पेंटर लोकायचा कायदा हाय. बोर्ड दुसऱ्याचा, अक्षर आपलं. अक्षर चुकलं तं कधी बी जाऊन दुरुस्त कराचं, कोनाले विचाराचं काम नाही. मी चुकलो का?"

"नाही. तुम्ही मी दिलं तसंच काढलं. मी चुकले."

"काय चुकलं?"

"ती विकते. मी लिहिलं, विकत होती."

आता त्यांनी वळून पाहिलं. "जित्या बाईले?" त्यांना हसू आलं, पण ते हसले नाहीत. "मंग असं लिहून द्या. मजकुराची गलती तुमची, पेंटरनं तुमच्या सांगण्यावरून दुरुस्त केली. तारीख टाका. सही करा."

माझ्या पिशवीत कोरा कागद नव्हता. ‘भिंतीवर सन्मान’वालं पत्रक होतं. त्याच्या कोऱ्या बाजूवर लिहायला बसले. पत्रकं मी फार लिहिली आहेत, रात्रीतून, तासाभरात, एकदा तर मोर्चा निघाल्यावर. ह्या तीन ओळींना मला जास्त वेळ लागला. माझ्या कुठल्याच पत्रकात ‘माझी चूक झाली’ हे वाक्य आजवर आलेलं नव्हतं. ते कसं सुरू करतात हेच मला माहीत नव्हतं. शेवटी जसं होतं तसं लिहिलं. चाचांनी कागद दोनदा वाचला आणि शर्टाच्या खिशात ठेवला.

सोमवारी दुपारी, बाजार रोडवर सगळी दुकानं उघडी असताना, ते शिडी नाही, नुसतं स्टूल घेऊन आले. लपून केलं असतं तर चोरी दिसली असती. नीळ लावलेली दोरी धरायला मला सांगितलं. ओळीखाली रेघ उठली. ‘विकत’च्या पुढे माझा पूर्णविराम होता. काना त्याच्यावरूनच खाली आला आणि टिंब त्याच्या दांड्यात गेलं. ‘त’ला मात्र जागा कमी पडली. तो थोडा अरुंद झाला आहे आणि त्याचा खांदा चौकटीच्या वेलीवर गेला आहे. नीट पाहिलं तर कळतं.

"चाचा, काय चालू हाय?" किराणावाल्याने विचारलं.

"शुद्धलेखन."

त्याने मान डोलावली. शुद्धलेखनाला कुणाची हरकत नसते.

साहेबांच्या लक्षात आलं नाही. ते वाक्य त्यांना पाठ होतं, आणि पाठ असलेलं माणूस पुन्हा वाचत नाही. तिला मी सांगितलं. ती म्हणाली, भिंतीवर बसू का आता? तिचं बरोबर होतं. गाडीवाल्याला तिने पुढच्या महिन्यापासून हो म्हटलं होतं.

त्यानंतरच्या दुसऱ्या मंगळवारी नागपूरचे कुणी मोठे साहेब सहकुटुंब जंगलातून परत जाताना भिंत पाहायला आले. त्यांना वाघ दिसलेला नव्हता. आमचे साहेब पुढे होऊन एकेक चित्र समजावून सांगत होते. मी टपरीवर होते. मोठ्या साहेबांच्या बाई चित्रांपेक्षा ओळी वाचत होत्या, मोठ्याने, शाळेत वाचतात तशा. बंड्या थांबत. मुलं बसत. सातव्यापाशी त्या म्हणाल्या, "...टोपल्या आणि सुपं विकतात." आणि आजूबाजूला पाहिलं. "विकतात? कुठे? मला सूप हवंच होतं."

आमच्या साहेबांनी भिंतीकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले. मग त्यांनी टपरीकडे पाहिलं. मी चहाकडे पाहिलं.

"आठवडी बाजार म्हणजे कोणत्या दिवशी असतो?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"मंगळवारी, सर."

"आज मंगळवारच आहे ना?"

"हो सर. आहेत ना. इथेच... जरा मागे आहेत." आणि त्यांनी शिपायाला डोळ्यांनी खूण केली.

शिपाई धावत दवाखान्यामागे गेला. मीही गेले.

"चला काकू, लवकर. साहेबानं बलावलं. टोपल्या घ्या."

"कोठी?"

"भिंतीपाशी."

"कितीक वेळ?"

"मोठ्या मॅडमचा फोटो होईलोक."

"मंग नाई येत." ती टोपलीवरून उठलीसुद्धा नाही. "फोटोपुरती येत नसतो. आली तं बसन. बसली तं बाजार सुटेलोक उठत नसतो. सांग साहेबाले."

"काकू, माही नोकरी जाईन ना!"

"तुही नोकरी हाय. माही जागा हाय."

मी तोंड उघडलं. तिने हात वर केला. "तू नोको बोलू, पोरी. तू बोलली का इस्कोट होते."

शिपायाने घाम पुसला, मागे पाहिलं, आणि त्याला ते सुचलं. "बरं. नोका उठू. मले बलवाची ऑर्डर हाय, उठवाची ऑर्डर नाही."

दोघी जावा माल घेऊन आल्या. ती सरळ आपल्या जागेवर गेली, पदराने जमीन झटकली आणि बसली. पाहुण्या बाईंनी सूप निवडायला घेतलं. तिने त्यांच्या हातातलं काढून दुसरं दिलं. "हे नोका घेऊ, हे मुलीच्या हातचं हाय, ढिलं हाय." बाईंना ते फार आवडलं. फोटो झाले. गाड्या गेल्या.

साहेब मागे राहिले. "हं, झालं बाई आता."

"काय झालं?"

"काम झालं."

"बाजार कोठी झाला अजून?" ती म्हणाली आणि टोपल्या एकीवर एक रचायला लागली.

ते माझ्याकडे वळले. "भिंतीवर तुम्ही हात फिरवला?"

"मजकुरातली चूक माझी होती. लेखी दिलंय. पेंटरकडे कागद आहे."

"चूक झाली, असं लिहून दिलंत? तुम्ही?" त्यांनी मला जरा वेळ निरखून पाहिलं. "तो कागद फाइलला पाहिजे." मग जाता जाता, मागे न पाहता म्हणाले, "आदेश कायम आहे."

आदेश अजूनही कायम आहे. रद्द झाल्याचा कागद निघालेला नाही. फक्त त्याची अंमलबजावणी कुणी करत नाही, कारण मोठ्या साहेबांच्या बाईंनी फोटो टाकला आणि खाली लिहिलं की मंगळवारीच जा. पत्रक लिहिलं असतं तर मी ‘विजय’ हा शब्द वापरला असता. तो खोटा झाला असता. ती तिथे बसते ते तिचा हक्क कुणी मान्य केला म्हणून नाही, एका पाहुणीला सूप हवं होतं म्हणून. उद्या पाहुणीला मोकळी भिंत हवी झाली तर आदेश फाइलमध्येच आहे. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, तेव्हाचं तेव्हा. गाडीवाल्याला तिने नाही म्हणून कळवलं. बाकीचे एकेक करून परत आले. नगरपंचायतीने भिंतीपासून दोन फुटांवर पिवळी रेघ मारली आहे, तिच्या आत, भिंतीच्या बाजूला, बसायचं नाही. सगळे रेघेवर बसतात.

गेल्या मंगळवारी मी तिच्याकडे उभी होते. एक तरुण, गळ्यात मोठा कॅमेरा, बराच वेळ पुढे-मागे होत होता. शेवटी म्हणाला, "मावशी, जरा सरकता का? मागचं चित्र घ्यायचं आहे."

"कोनाचं?"

"ती टोपल्या विकणारी बाई. सातवं."

तिने मागे वळून चित्राकडे पाहिलं, वेळ घेऊन, जसं काही पहिल्यांदाच पाहते आहे. मग पुन्हा त्याच्याकडे तोंड केलं.

"थे मीच हाव," ती म्हणाली. "काढा समोरून."

त्याने काढला. सूप घेतलं नाही.